व्हायोलिनं नसलेली तबकडी

शंकर-जयकिशन हे नाव घेतलं की बहुतेकांच्या कानात आधी व्हायोलिनं वाजायला लागतात. एकटं व्हायोलिन नव्हे, व्हायोलिनं, अनेकवचनी. गायकानं तोंड उघडायच्या आत सगळे गज एकाच दिशेनं खेचले जातात, आणि वाड्यातल्या दोन खणांच्या खोलीत रेडिओला कान लावून बसलेल्या माणसालाही आपण एकदम झुंबरांच्या दिवाणखान्यात येऊन उभे राहिलो असं वाटतं. चाहत्यांना नेमकं हेच हवं असायचं. नाक मुरडणाऱ्यांची तक्रारही हीच असायची: फार वाद्यं, फार थाट. म्हणून १९६८ साली ग्रामोफोन कंपनीनं या जोडीच्या नावानं जी एक बिगरफिल्मी एलपी काढली, तिच्यावरच्या वादकांची यादी वाचताना पहिला धक्का बसतो. तिच्यात एकही व्हायोलिन नाही.

तबकडीचं नाव 'रागा जॅझ स्टाइल'. अकरा तुकडे, अकरा राग: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि शेवटी रिवाजाप्रमाणे भैरवी. मध्यभागी रईस खाँ यांची सतार. तिच्याभोवती जॉन परेरांचं ट्रम्पेट, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, लुसिला पाशेकोंचा पियानो, लेस्ली गुदिन्होंचे ड्रम्स, एडी त्रावास यांचा बेस, आनिबाल कास्त्रो आणि दिलीप नाईक यांच्या इलेक्ट्रिक गिटारी, सुमन यांची बासरी आणि रमाकांत म्हापसेकरांचा तबला. मोजून दहा माणसं. ज्यांच्या एकेका गाण्याला स्टुडिओत बसायला खुर्च्या पुरत नसत, त्यांनी स्वतःच्या नावाची तबकडी काढायची वेळ आली तेव्हा फक्त दहा माणसं बोलावली.

भारतातल्या जॅझच्या इतिहासात या तबकडीला आता मानाचं पान मिळतं, जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांत तिला भावही आहे. तिच्याबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक सतार आणि सॅक्सोफोन एकत्र कसे आले याविषयी. मला मात्र तिच्यात जे नाही त्याची गोष्ट अधिक मोठी वाटते. ती सांगायची तर आधी जरा अमेरिकेत जायला हवं, कारण जॅझचं छोटं टोळकं आणि व्हायोलिनांचा ताफा यांच्या सोयरिकीवर सगळ्यात जास्त भांडणं तिथंच झाली आहेत.

३० नोव्हेंबर १९४९. न्यूयॉर्क. चार्ली पार्कर हा सॅक्सोफोनवाला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता आणि बीबॉप नावाची नवी, भरधाव, अवघड जॅझ घडवणाऱ्यांत अग्रभागी होता. निर्माता नॉर्मन ग्रँट्झनं त्याला त्या दिवशी तीन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो, हार्प आणि ओबो यांच्यासमोर उभं केलं. मागे पियानो, बेस आणि ड्रम्स होतेच. 'चार्ली पार्कर विथ स्ट्रिंग्ज' या नावानं ते ध्वनिमुद्रण निघालं, खपलंही चांगलं, आणि जॅझच्या कर्मठ मंडळींनी पार्करला धारेवर धरलं. विकला गेला, गुळचट झाला, बाजारात बसला. गंमत अशी की ही हौस खुद्द पार्करची होती. त्याला स्ट्राव्हिन्स्की आवडायचा, हिंडेमिट आवडायचा. काळ्या माणसाच्या संगीताला हॉटेलाच्या मागल्या दारानं आत घेणाऱ्या त्या देशात व्हायोलिनांसमोर उभं राहून वाजवणं म्हणजे पुढल्या दारानं आत जाणं होतं. त्या ध्वनिमुद्रणातला 'जस्ट फ्रेंड्स' हा तुकडा त्याला स्वतःच्या वादनात विशेष आवडायचा. आजही तो ऐकताना मला व्हायोलिनांचं लेखन साधारणच वाटतं, गालिचा अंथरावा तसं. पण त्या गालिच्यावरून पार्कर ज्या बेफिकिरीनं चालत जातो ती ऐकण्यासारखी आहे.

पुढे १९६१ साली स्टॅन गेट्झनं 'फोकस' केलं. एडी सॉटर या अरेंजरनं व्हायोलिनांचा सगळा भाग पक्का लिहिला होता आणि गेट्झसाठी मात्र एक ओळही लिहिली नव्हती; तू यात तुझी वाट शोध, एवढंच. या मालिकेतलं हे मला सर्वांत धीट काम वाटतं. पण पार्कर काय, गेट्झ काय, तिथं दोन्ही बाजूंची माणसं वेगळी होती. व्हायोलिनवाले एका जगातून यायचे, सॅक्सोफोनवाला दुसऱ्या. त्यांची गाठ घालून द्यायला मध्ये निर्माता लागायचा आणि मग त्या लग्नाची चर्चा व्हायची.

मुंबईत ही गाठ घालावीच लागली नाही. तिथं दोन्ही एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसात नांदत होती.

तो माणूस गोव्याचा. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या गावोगावी चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. त्यांत मेस्त्री मुलांना सोल्फा शिकवायचा, म्हणजे कागदावरचे स्वर डोळ्यांनी वाचून तोंडानं गायला. मग हातात व्हायोलिन यायचं. रविवारच्या प्रार्थनेला, सणाला, लग्नाला, मरणाला संगीत लागे आणि ते गावातलीच माणसं वाजवत. अशी तयार झालेली मुलं पोटापाण्यासाठी मुंबई गाठत. धोबीतलावाच्या आसपास गावागावांचे कूड होते, म्हणजे एकेका गावच्या मंडळींनी चालवलेल्या खोल्या, जिथं ट्रंक ठेवायला जागा आणि पथारी टाकायला कोपरा मिळे. व्हायोलिन येणाऱ्या मुलानं ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन उचलला की हॉटेलात काम मिळायचं. तेव्हा सकाळी चर्चमध्ये गज आणि रात्री हॉटेलात ट्रम्पेट, असं त्याचं आयुष्य दोन वाद्यांत विभागलेलं असे, पण वाचायचा कागद एकाच लिपीतला.

इथं माझ्या गावाचा विषय निघणारच. नाशिकला शरणपूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथं वसाहत केली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथं शिकली. लिव्हिंग्स्टनचं शव इंग्लंडला पोचवणारा जेकब वेनराइट त्यांतलाच. 'नासिक बॉइज' म्हणून ही मुलं इतिहासात ओळखली जातात. म्हणजे चर्च होतं, त्याचं गायन होतं, आफ्रिकाही होती. मग शरणपुरातून ट्रम्पेटवाले का नाही निघाले? एक कारण मला असं दिसतं की मराठी ख्रिस्ती मंडळींनी उलटी वाट धरली. नारायण वामन टिळकांनी येशूला अभंगात आणि ओवीत आणलं, कीर्तनात उभं केलं. टाळ-मृदुंगाच्या अंगानं जाणाऱ्या गायनाला स्वरलिपीचा कागद लागत नाही. टिळकांनी केलं ते भाषेच्या दृष्टीनं मोठंच होतं. पण गोव्याच्या चर्चनं गावातल्या मुलाच्या हाती लॅटिन प्रार्थनेबरोबर एक जगभर चालणारी लिपी दिली, आणि त्या लिपीवर पुढं मुंबईतल्या बोलपटांचा डोलारा उभा राहिला.

लिपीचाच मुद्दा आहे म्हणून आणखी एक नाशिककर. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत रामनाम आधार आश्रम. त्यांनी आपल्या संगीतासाठी स्वरलेखनाची पद्धत बसवली, भातखंड्यांनी आपली वेगळी. दोन्ही पद्धती एका गळ्याची चाल टिपायला उत्तम. पण एकाच क्षणी पहिल्या व्हायोलिनांनी काय वाजवायचं, दुसऱ्यांनी काय, चेलोनं काय, आणि त्या वेळी ट्रम्पेटनं किती मात्रा गप्प बसायचं, हे एकाखाली एक मांडून दाखवायची गरज आपल्या संगीताला कधी पडलीच नव्हती. पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत ती सोय होती. १९३०-४०च्या मुंबईत ती लिपी सफाईनं वाचणाऱ्यांत गोवेकर ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येनं होते, थोडे पारशी होते, आणि पुढं पंडित रामप्रसाद शर्मांसारख्या ट्रम्पेटवादकानं इतर समाजांतल्या शेकडो मुलांना ती शिकवली. प्यारेलाल त्यांचेच चिरंजीव.

मूकपटांच्या काळापासून या वाचणाऱ्या हातांना काम होतं. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' नंतर नाशिकला आले, त्यांनी इथं कारखानाच थाटला. पण ते चित्र मुकं होतं आणि मोठ्या शहरांतल्या थिएटरांत पडद्याखाली बसून कुणीतरी वाजवायला लागायचं. बोलपट आला आणि ते वादक पडद्याखालून उठून पडद्यामागं गेले.

मधल्या काळात मुंबईत जॅझ आली, तीही थेट मूळ माणसांकडून. १९३५ साली लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. गोवेकर पोरं त्यांच्या बँडांत शिरली, वेदरफर्डसारख्यांकडून ती हॉट जॅझ शिकली. त्यातून आल्दोनाचा आंतोनियो शावियेर वाझ 'चिक चॉकलेट' झाला आणि त्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. पण १९५०च्या सुमाराला मोरारजी देसाईंच्या मुंबईत दारूबंदी पक्की झाली. हॉटेलांतली नाचाची रात्र सुकली तसे वादक स्टुडिओकडे वळले. संगीताच्या इतिहासात अबकारी खात्याला एवढं महत्त्वाचं स्थान क्वचितच मिळालं असेल.

चिकला सिनेमात आणलं ते नाशिकपासून फार दूर नसलेल्या पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी. 'शहनाई' १९४७चा, 'समाधी' १९५०चा, 'अलबेला' १९५१चा. 'अलबेला'त तर चिक आणि त्याची मंडळी झालरींच्या बाह्यांचे कपडे घालून पडद्यावरच दिसतात. अण्णांना लोकगीतांची चाल ट्रम्पेटवर चढवायचं वेड होतं आणि चिकला ती कुठं वळवली की पाय हलतात हे कळायचं. या गाण्यांत व्हायोलिनं असतात, पण बेतानं. पाहुणचार ब्रासवाल्यांचा.

व्हायोलिनांना यजमानपद दिलं ते शंकर-जयकिशननी. त्यांच्या हाताखाली दोन सहायक होते आणि चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ती दोन नावं अनेकदा दिसतात: दत्ताराम आणि सेबॅस्टियन. दत्ताराम वाडकर गोवा-सावंतवाडीकडचे, तालाची सगळी बाजू त्यांच्याकडे. ढोलकीचा त्यांचा एक ठेका वादकमंडळींत 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखला जातो. सेबॅस्टियन डिसूझा हे गोव्याचे ख्रिस्ती. फाळणीपूर्वी त्यांचा बँड लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात वाजायचा. पलुसकरांच्या लाहोरात, चाळीसएक वर्षांनंतर. फाळणीनं त्यांना मुंबईला आणून सोडलं. आधी ओ. पी. नय्यर, मग १९५२च्या सुमारापासून शंकर-जयकिशन.

एकाच मातीतली ही दोन माणसं. एक देवळाच्या अंगणातला ताल घेऊन आलेला, दुसरा चर्चच्या माळ्यावरचा स्वरमेळ. गोव्यात ही दोन अंगणं शेजारी असूनही एकमेकांत फारशी मिसळत नव्हती. ती मिसळली ताडदेवच्या आणि महालक्ष्मीच्या स्टुडिओंत.

तिथलं काम कसं चालायचं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवायचा. अरेंजर तिच्याखाली कॉर्ड बसवायचा, दोन ओळींमधल्या फटीत व्हायोलिनांची उलट चाल घालायचा, इंटरल्यूड बांधायचा, मग प्रत्येक सेक्शनसाठी वेगळे कागद लिहायचा. ट्रॅक वेगवेगळे घेण्याची सोय नव्हती. गायक, तालवाले, व्हायोलिनं, ब्रास सगळे एकाच वेळी, मोजक्या माइकांसमोर. कुणाचा माइकपासूनचा फूटभर फरकही ध्वनिमुद्रणात ऐकू यायचा. एका व्हायोलिनवाल्याचा गज चुकला की सगळ्यांचा टेक गेला. आणि मर्यादा ७८च्या तबकडीच्या एका बाजूची, साधारण सव्वातीन मिनिटं. दोन कडव्यांमधल्या पंधरा-वीस सेकंदांत सॅक्सोफोननं जे सांगायचं ते सांगून उठायचं. जॅझमधला वादक अशा वेळी नुसता श्वास घेऊन तयार होतो. सेबॅस्टियनसारख्यांनी त्या पंधरा सेकंदांत आरंभ, चढ आणि परत येणं असा पूर्ण प्रवास बसवून दाखवला. कागदावर लिहिलेलं असूनही ते सुचल्यासारखं वाजायचं, कारण वाजवणाऱ्यांचे हात हॉटेलांत तयार झालेले होते.

वरच्या वर्तुळात याची किंमत काय होती? १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. केसकर शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांना ही गाणी परकी, उथळ वाटायची. देश मग रेडिओ सिलोन लावायला लागला. आकाशवाणीला शेवटी १९५७ साली 'विविध भारती' काढावी लागली. केसकरांचं सांस्कृतिक दुखणं मला अगदीच कळत नाही असं नाही. पण ज्याला ते परकं म्हणत होते ते संगीत माजोर्डा, आल्दोना आणि सावंतवाडीकडची माणसं हातानं कागदावर लिहीत होती.

आपल्या मराठी गाण्यातही व्हायोलिन होतं, आणि तिथला फरक ऐकण्यासारखा आहे. व्ही. जी. जोग, गजाननराव जोशी यांनी ते मांडी घालून, गळ्यासारखं वाजवलं. प्रभाकर जोगांनी सुधीर फडक्यांच्या 'गीतरामायणा'त वाजवलं ते एकट्यानं, गायकाचा हात धरून चालल्यासारखं. त्यांच्या व्हायोलिनला पुढं 'गाणारं व्हायोलिन' म्हणू लागले ते यथार्थच. म्हणजे आपल्याकडे व्हायोलिन हा दुसरा गायक. गोवेकरांकडे तो समुदाय. एकट्या व्हायोलिनला मींड घेता येते, शब्दाचा उच्चार करता येतो. वीस व्हायोलिनांना ते जमत नाही, त्यांनी ते करूही नये. त्यांनी जागा निर्माण करायची असते, उंची, रुंदी, उजेड. मराठी भावगीताला त्या जागेची गरज वाटली नाही. त्याला माजघर पुरत होतं.

हे दोन्ही प्रकार एकत्र आणायचा सर्वांत मोठा प्रयत्न एका व्हायोलिनवाल्यानंच केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९४३च्या सुमाराला मुंबईला आले, नौशादांकडे वाजवू लागले, शिकवू लागले. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी. दिवसभर स्टुडिओत दुसऱ्यांच्या चालींना कपडे शिवणाऱ्या या माणसानं १९५८ साली स्वतःचा शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केले. राग घेऊन लिहिलेल्या रचना, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. राग सारंगवर त्यांनी कॉन्चेर्टो लिहिला होता. शंभर वादकांचा वाद्यवृंद पदरमोड करून किती दिवस चालणार? १९६५ साली ते अमेरिकेला सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, पुढं परतले ते थेट माजोर्ड्याला. १९७७ साली प्यारेलालनी गुरूचं नाव 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गाण्यात घातलं आणि सगळ्या देशाला ते पाठ झालं. तो खरा माणूस गोव्यात राहतोय हे मात्र बहुतेकांना ठाऊक नव्हतं. २०१२च्या जानेवारीत ते गेले.

ही सगळी पार्श्वभूमी डोक्यात ठेवून पुन्हा १९६८च्या तबकडीकडे आलं की तिच्यातली व्हायोलिनांची गैरहजेरी वेगळी ऐकू येते.

आधी संगीतातला मुद्दा. जॅझला कॉर्ड लागतात, रागाला त्या खपत नाहीत, असं ढोबळपणे म्हटलं जातं. ही अकरा रागांची निवड पाहिली की दिसतं की करणाऱ्यांनी विचार केला होता. कलावती घ्या: सा, ग, प, ध आणि कोमल निषाद. यातले सा, ग, प, नी एकदम दाबा, पियानोवर जॅझची अगदी रोजची सेव्हन्थ कॉर्ड तयार. रागाबाहेर एक पाऊलही टाकावं लागलं नाही. शिवरंजनीत कोमल गंधार आणि शुद्ध धैवत. सा, ग, प, ध मिळून मायनर सिक्स्थ, रात्रीच्या क्लबातली उदास कॉर्ड. शंकर-जयकिशनचा शिवरंजनीवर इतका जीव का, याचं एक उत्तर बहुधा इथंच आहे. मालकंस त्याहून मजेदार. त्यात रिषभ नाही, पंचम नाही. त्याच्या मध्यमाला सा मानून बघा, तेच पाच स्वर ब्लूजवाल्यांची मायनर पेंटॅटॉनिक होतात, आपल्या भाषेत धानी. बेसवाल्याची बोटं साहजिकच मध्यमाकडे ओढली जाणार. आणि मालकंसाचा तानपुराही मध्यमातच लागतो! दोन घराण्यांच्या वाटा एकाच विहिरीवर याव्यात तसं हे झालं. तोडीचं मात्र तसं नाही. तिचे रिषभ-गंधार नेहमीच्या कोमलाहूनही उतरलेले, पियानोच्या पट्टीत ते सापडतच नाहीत. मियाँमल्हाराच्या आंदोलित गंधाराचंही तेच. अशा ठिकाणी सगळा भार सतारीवर येतो.

आणि म्हणूनच, मला वाटतं, व्हायोलिनांना रजा मिळाली. रईस खाँ तेव्हा तिशीच्या आतले, इंदूरला जन्मलेले, तारेवर गळा ओढून आणणारे. असंख्य सिनेगीतांत सतारीचे जे तुकडे आपल्याला पाठ आहेत त्यांतले कितीतरी त्यांचे. (पुढं ते पाकिस्तानात गेले, २०१७ साली कराचीत वारले.) त्यांच्या मींडीखाली व्हायोलिनांचा ताफा ठेवला असता तर त्या ताफ्यानं प्रत्येक वेळी स्वराची जागा पक्की करून टाकली असती, आणि सतारीला दोन स्वरांच्या मधल्या जागेत रेंगाळता आलं नसतं. पियानो आणि गिटार कॉर्ड वाजवून हात उचलतात. व्हायोलिनं हात उचलत नाहीत.

पण दुसरंही एक कारण असावं, संगीताबाहेरचं. व्हायोलिनं ही शंकर-जयकिशन यांची सिनेमासाठीची वर्दी होती. शंकर तबल्यावर हात बसलेला, हैदराबादेत वाढलेला माणूस. जयकिशन वांसद्याचा, आमच्या जिल्ह्याच्या सुरगाण्याकडून घाट उतरलं की ते गाव फार लांब नाही. पेटीवर स्वर शोधत मुंबईला आलेली ही दोन पोरं १९४९च्या 'बरसात'पासून वीस वर्षं सम्राटासारखी वावरली. निर्मात्याला थाट हवा, पडद्यावर काश्मीर किंवा पॅरिस, मग व्हायोलिनं हवीतच. या तबकडीला ना नायक होता ना नायिका. तिच्यासाठी जमले ते स्टुडिओत कित्येक वर्षं व्हायोलिनांच्या मागे, कोपऱ्यात, दोन कडव्यांच्या फटीत वाजवणारे लोक. जॉन परेरा आणि मनोहारी सिंग यांना इथं पंधरा सेकंदांऐवजी अख्खा तुकडा मिळाला. लुसिला पाशेको ही मुंबईच्या बँडांत पियानो आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारी बाई, पुरुषांच्या त्या धंद्यात वर्षानुवर्षं टिकलेली. एरवी तिचं नाव कुठल्या गाण्याखाली वाचायला मिळतं?

तक्रार करायची तर जागा आहे. वीस वर्षांची सवय सुटत नाही. तुकडे बहुतेक गाण्याच्या मापाचेच राहिले आहेत. सतारीनं रागाची ओळख करून द्यायची, मग ब्रासनं ती चाल उचलायची, मग ड्रम्स आणि तबला यांची थोडी लगट, मग परत. जॅझची खरी परीक्षा म्हणजे वादक वाट चुकेल अशी भीती वाटणं. ती भीती इथं फारशी वाटत नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी लंडनमध्ये जॉन मेयर आणि जो हॅरियट यांनी 'इंडो-जॅझ स्वीट' केलं होतं. मेयर कलकत्त्याचा अँग्लो-इंडियन, व्हायोलिनवादक, मुंबईत मेहली मेहतांकडे शिकून विलायतेला गेलेला. त्यानं पाच जॅझवाले आणि पाच भारतीय वाद्यांचे असे दहा जण समोरासमोर बसवले, आणि व्हायोलिन स्वतः घेतलं, भारतीय बाजूला. ते काम जास्त कोरीव आहे, जास्त अभ्यासू. पण त्यात दोन पंगती दिसतात, एक इकडे, एक तिकडे. मुंबईच्या तबकडीत पंगत एकच आहे. रमाकांत म्हापसेकर आणि लेस्ली गुदिन्हो, तबला आणि ड्रम्स. आडनावं सांगतातच की दोघांची मुळं एकाच किनाऱ्यावरची. त्यांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागत नाही.

१९७१ साली जयकिशन गेले. या तबकडीच्या जोडीला दुसरी आली नाही. सेबॅस्टियन सत्तरीच्या दशकात काम थांबवून गोव्याला परतले. हळूहळू सिंथेसायझर आला, आणि वीस गजांचं काम एक माणूस दहा बोटांनी करायला लागला. अरेंजरांनी हातानं लिहिलेले सेक्शनचे कागद गाणं झालं की कामाचे उरत नसत. ते कुणी जपून ठेवावेत असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. त्यामुळे आज त्या काळच्या व्हायोलिनांचा अभ्यास करायचा तर कानानंच करावा लागतो, तबकडी पुन्हा पुन्हा मागे नेऊन.

शेवटची भैरवी ऐकताना मी नेहमी एक चाळा करतो. शंकर-जयकिशनच्या किती गाण्यांत भैरवी आहे हे मोजायच्या भानगडीत कुणी पडू नये. 'बरसात'पासून ती त्यांच्या अंगात होती. त्या गाण्यांत व्हायोलिनं कुठं शिरायची ते आपल्याला तोंडपाठ असतं. इथं सतार मुखड्यासारखं काहीतरी म्हणते, थांबते, आणि नेमक्या त्या जागी, जिथं सगळे गज एकदम उचलले जायचे, तिथं ते येत नाहीत. लेस्ली गुदिन्होंची झांज तेवढी वाजत राहते.